प्रयोग पुन्हां करून पाहतां आला पाहिजे

दरवर्षीं फेब्रुवारी महिना उजाडला कीं, आमच्या टेबलावर शास्त्राच्या जर्नलांचा ढीग येऊन पडतो. त्यांत लंबकाचा प्रयोग असावयाचाच. दोरीला धातूचा गोळा टांगावा, वीस हेलकाव्यांस लागणारा वेळ मोजावा, आणि त्यावरून गुरुत्वत्वरणाचा आंकडा काढावा, असा हा साधा प्रयोग आहे. वर्गांतील बहुतेक मुलांचें उत्तर ९८० च्या अगदीं जवळ येतें. आमच्या प्रयोगशाळेंतील घड्याळें जुनीं, दोऱ्या गांठी मारलेल्या, आणि मुलांचे हात नवखे. असें असतां उत्तर इतकें नेमकें यावें, ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटावयास पाहिजे होतें. परंतु खरें सांगावयाचें तर तें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. पुस्तकांतील आंकडा जर्नलांत दिसला म्हणजे आम्ही समाधानानें सही करीत आलों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलानें मात्र आपलें उत्तर ९४० असें लिहिलें. आम्हीं त्याचे दोन गुण कापले. "सर, आणखी एकदां करून पाहूं का?" असें त्यानें विचारलें. तास संपला होता, दुसरी तुकडी दाराशीं उभी होती. आम्हीं नाहीं म्हटलें. गेल्या नाताळच्या सुट्टींत हाच मुलगा आम्हांस भेटावयास आला. तो आतां अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकत आहे. संगणकांच्या जाळ्यांविषयींच्या एका शोधनिबंधांतील एक आलेख स्वतः प्रयोग करून पुन्हां काढून दाखवावा, असें काम त्याच्याकडे सोंपविलें होतें. सहा आठवडे खपूनहि तो आलेख त्याच्या हातीं लागला नाहीं. निबंधांत निष्कर्ष होता, सुंदर आकृति होती. पण कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ति वापरली, प्रयोग किती वेळां चालविला, हें कोठेंच लिहिलें नव्हतें. लेखकांस त्यानें पत्र घातलें, तेव्हां उत्तर आलें कीं, तें काम ज्या विद्यार्थ्यानें केलें तो केव्हांच निघून गेला, आणि मूळ प्रोग्राम त्याच्या जुन्या संगणकावर होता.

हें सांगून तो हंसला व म्हणाला, "सर, माझा लंबक कोठें चुकला तें मला त्या दिवशीं उमगलें. दोरी मीं गोळ्याच्या आंकड्यापर्यंतच मोजली होती, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाहीं. दोन सेंटिमीटर सुटले. जर्नलांत मीं 'लांबी ४८ सेंटिमीटर' एवढेंच लिहिलें. कोठून कोठपर्यंत मोजली तें लिहिलें असतें, तर तुम्हींच ती चूक मला दाखविली असती."

तो गेल्यावर पुष्कळ वेळ आम्ही ह्या बोलण्याचा विचार करीत बसलों. पन्नास सेंटिमीटरांतील दोन सुटले म्हणजे शेंकडा चार सुटले, आणि उत्तरहि शेंकडा चारांनीं उणें आलें. म्हणजे त्या मुलाचें मोजमाप खरें होतें, उणीव होती ती लिहिण्यांत. हीच उणीव मोठमोठ्या संशोधकांच्या लेखनांतहि आहे, आणि आज सर्व जगाचा व्यवहार ज्या इंटरनेटवर चालला आहे त्याविषयींच्या संशोधनांत ती विशेष जाचक झाली आहे. म्हणून ह्या अंकांत त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जाळ्यांविषयींचा प्रयोग म्हणजे काय, हें प्रथम एका उदाहरणानें पाहूं. आपण पाठविलेलें पत्र, चित्र किंवा ध्वनि इंटरनेटवरून जातांना त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांस पॅकेट म्हणतात. वाटेंत राउटर नांवाचीं यंत्रें असतात. टपालकचेरींत पत्रें निवडून पुढें धाडावीं तशीं तीं हीं पॅकेटें पुढें धाडतात. एकाच वेळीं फार पॅकेटें आलीं तर त्यांना थांबावयास जागा लागते. ही जागा अपुरी पडली तर पॅकेटें टाकून द्यावीं लागतात. फार मोठी ठेवली तर तीं रांगेंत ताटकळतात व खर्चहि वाढतो. मग ही जागा किती असावी? जुना नियम असा होता कीं, पॅकेट जाऊन पोंच परत येण्यास जो वेळ लागतो त्यानें मार्गाच्या वेगास गुणावें. सेकंदास १० अब्ज बिट वाहणारा मार्ग आणि पाव सेकंदाची फेरी धरली, तर अडीच अब्ज बिटांची जागा हवी. इ. स. २००४ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील ग्विडो अॅपेन्झेलर, आयझॅक केस्लासी व निक मॅकिऑन यांनीं असें दाखविलें कीं, त्या मार्गावरून एकाच वेळीं पुष्कळ स्वतंत्र संवाद चालले असतील, तर त्यांच्या संख्येच्या वर्गमूळानें ह्या जागेस भागलें तरी चालतें. दहा हजार संवाद असले तर वर्गमूळ शंभर. म्हणजे अडीच अब्जांच्या ठिकाणीं अडीच कोटी बिटांत काम भागावें.

एवढा मोठा फरक सांगणारा नियम केवळ विश्वासावर कोण घेईल? तो पडताळून पाहिलाच पाहिजे. परंतु पडताळणाऱ्यास किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात त्या पाहा. संवाद किती होते, प्रत्येकाच्या फेरीचा वेळ किती, ते सर्व एकदम सुरू केले कीं मागेंपुढें, पाठविणारा संगणक वेग वाढविण्याचा व घटविण्याचा कोणता नियम पाळीत होता, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ति कोणती, आणि प्रयोग एकदां केला कीं शंभर वेळां; ह्यांतील एक जरी गोष्ट बदलली तरी आलेखाची रेषा दुसरीकडेच जाते. लंबकाच्या प्रयोगांत सुटण्याजोगे दोन सेंटिमीटर होते. येथें सुटण्याजोग्या गोष्टी वीस-पंचवीस असतात.

आणि त्या सुटतात, हें गणना करून दाखविलेलें आहे. तारांवांचून आपसांत जोडल्या जाणाऱ्या फिरत्या यंत्रांच्या जाळ्यांवर मोबिहॉक नांवाची एक प्रतिष्ठित परिषद भरत असे. तिच्यांत २००० ते २००५ ह्या काळांत प्रसिद्ध झालेले १५१ निबंध स्टुअर्ट कर्कोव्स्की, ट्रेसी कॅम्प व मायकेल कोलाग्रोसो ह्या तिघांनीं तपासले. त्यांपैकीं ११४ निबंध सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकांतच जाळ्याची नक्कल चालवून, लिहिलेले होते. संगणकांतली नक्कल पुन्हां चालविणें ह्यापेक्षां सोपें काय असावें! तरी ह्या तपासणाऱ्यांचा निष्कर्ष असा कीं, पुन्हां करून पाहतां येण्याजोगे निबंध शेंकडा पंधरांहूनहि कमी होते.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, संशोधक अप्रामाणिक झाले. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या वर्गांतील मुलांपैकीं तरी लबाड किती, आणि घाईनें व भीतीनें वागणारीं किती, हें आम्ही जाणतों. संशोधकालाहि परिषदेची मुदत असते, निबंधास पानांची मर्यादा असते, आणि नवें कांहीं सांगितल्यावांचून मान मिळत नाहीं. आपला प्रयोग दुसऱ्यास करतां यावा म्हणून महिनाभर खपून सर्व साधनें नीट मांडून ठेविलीं, तर त्या महिन्याचें श्रेय त्यास कोण देतो? दुसऱ्याचा प्रयोग पुन्हां करून "होय, हें खरें आहे" असें सांगणाऱ्यास तर त्याहून कमी श्रेय. ज्या कामास मोल नाहीं तें काम मागें पडावें, हा मनुष्यस्वभाव आहे.

शिवाय ह्या शास्त्राची एक खास अडचण आहे. पृथ्वीचें आकर्षण आज आहे तेंच उद्यां असतें. इंटरनेट मात्र रोज बदलतें. सॅली फ्लॉइड व व्हर्न पॅक्सन यांनीं २००१ सालीं एक संपूर्ण निबंधच ह्या गोष्टीवर लिहिला कीं, एवढ्या मोठ्या, विविध व सतत बदलणाऱ्या जाळ्याची नक्कल करणें किती कठीण आहे. प्रयोगाचीं सामायिक साधनेंहि टिकत नाहींत. निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांचे संगणक एकत्र जोडून २००२ मध्यें प्लॅनेटलॅब नांवाची प्रयोगभूमि उभी राहिली. पुष्कळ संशोधकांनीं तिजवर प्रयोग केले. २०२० मध्यें ती बंद झाली. आतां त्या प्रयोगांची पुनरावृत्ति त्याच जागीं कोणासहि करतां यावयाची नाहीं. म्हणून नुसतें "खरें लिहा" असा उपदेश करून भागत नाहीं. पुन्हां करणें सोपें होईल अशीं साधनें व अशी रीत निर्माण झाली पाहिजे.

असें एक साधन स्टॅनफर्ड येथेंच तयार झालें. बॉब लान्ट्झ, ब्रँडन हेलर व निक मॅकिऑन यांनीं २०१० सालीं मिनिनेट नांवाची एक व्यवस्था जगापुढें मांडली. एकाच लॅपटॉपच्या पोटांत अनेक लहान लहान यजमान-संगणक, त्यांना जोडणारे मार्ग आणि वाटेवरचीं यंत्रें ह्यांचें सगळें जाळें तिनें उभें करतां येतें. सिम्युलेटरांत सर्वच व्यवहार कल्पित असतो. येथें मार्ग व यंत्रें मानलेलीं असलीं तरी त्यांवर चालणारे प्रोग्राम खरे असतात. जाळें कसें असावें, मार्गांचा वेग किती, प्रयोगांत काय करावें व आलेख कसा काढावा, हें सर्व एका लहानशा प्रोग्रामांत लिहितां येतें. तो प्रोग्राम दुसऱ्यास दिला म्हणजे प्रयोगच दुसऱ्यास दिल्यासारखें होतें. पाककृतीच्या पुस्तकांत "मीठ चवीपुरतें" असें लिहिलेलें असतें, तें वाचून नवशिकी सून गोंधळते. पण सासूबाईंनीं मोजून भरलेला डबाच हातीं दिला तर गोंधळाचें कारण उरत नाहीं.

ह्याच मंडळींनीं निखिल हंडीगोल व विमलकुमार जयकुमार यांच्यासह २०१२ सालीं ही व्यवस्था अधिक सुधारली, आणि आम्हांस तिच्यांतील एक गोष्ट फार मोलाची वाटते. एकाच संगणकावर फार भार टाकला तर त्याची गति अपुरी पडून प्रयोगाचें उत्तर बिघडतें. म्हणून ही सुधारलेली व्यवस्था प्रयोग चालू असतां स्वतःचीच नाडी तपासते, आणि आपण ठरल्या वेळीं काम केलें कीं नाहीं ह्याची नोंद ठेविते. ती नोंद पाहून, ह्या वेळच्या उत्तरावर विसंबावें कीं नाहीं, तें प्रयोग करणाऱ्यास कळतें. स्वतःच्या चुकीची कबुली देणारें साधन आणि उत्तर ९४० लिहिणारा विद्यार्थी ह्यांत आम्हांस एकच गुण दिसतो.

परंतु साधनापेक्षांहि त्याचा उपयोग कसा केला हें अधिक महत्त्वाचें. स्टॅनफर्ड येथील पदव्युत्तर वर्गांत जाळ्यांचा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस असें काम देण्यांत आलें कीं, प्रसिद्ध झालेला एखादा निबंध निवडा, त्यांतील एक निष्कर्ष स्वतः पुन्हां काढा, आणि आपला प्रयोग इतरांस चालवितां येईल अशा रीतीनें जाहीर करा. लिसा यान व निक मॅकिऑन यांनीं २०१७ मध्यें ह्याचा वृत्तांत दिला. पांच वर्षांत दोनशेंहून अधिक विद्यार्थ्यांनीं चाळीसांहून अधिक निबंधांतील निष्कर्ष पडताळण्याचें काम केलें होतें. ह्या योजनेंत आम्हांस तिहेरी लाभ दिसतो. विद्यार्थी निबंध नुसता वाचीत नाहीं, त्याच्या आंतून फिरून येतो. मूळ लेखकाचें काम पारखलें जातें. आणि पुढें येणाऱ्यास तयार प्रयोग मिळतो. पडताळून पाहण्यास कोणाला वेळ नाहीं, ह्या जुन्या तक्रारीस हें उत्तम उत्तर आहे. ज्यांस शिकावयाचेंच आहे, त्यांचें शिकणें हाच पडताळा व्हावा!

विद्वानांच्या मंडळांनींहि ह्या बाबतींत पाऊल टाकलें आहे. संगणकशास्त्राची मोठी संस्था जी असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी, तिनें २०१६ पासून निबंधांस निरनिराळे बिल्ले देण्याची पद्धति सुरू केली. साधनें उपलब्ध आहेत, तीं तपासलेलीं आहेत, आणि निष्कर्ष दुसऱ्या कोणीं पुन्हां काढला आहे, अशा अर्थाचे हे बिल्ले आहेत. ह्यांत एक गंमत झाली. मूळ साधनांनीं पुन्हां करणें व स्वतंत्र साधनांनीं पुन्हां करणें ह्या दोन क्रियांस संस्थेनें दोन शब्द योजिले होते. इतर शास्त्रांशीं मेळ बसावा म्हणून २०२० सालीं त्या दोन शब्दांची अदलाबदल करावी लागली. पुन्हां करण्याच्या विद्येंत शब्ददेखील पुन्हां ठरवावे लागले, ही विद्या अद्याप किती कोवळी आहे त्याचीच ही खूण होय. बिल्ले चांगले, पण बिल्ल्यासाठीं केलेलें काम शेवटच्या रात्रीं उतरविलेल्या जर्नलासारखें होऊं नये, एवढी आमची सूचना आहे.

ह्या मतावर तीन आक्षेप घेतां येतील, आणि ते घेणारे विचारी लोक आहेत. पहिला असा कीं, जाळ्यांवरून जाणारी माहिती लोकांची खाजगी असते. ती सर्वांपुढें कशी टाकावी? हा आक्षेप आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. कोणाचें पत्र उघडें पाडून शास्त्र वाढवूं नये. परंतु माहिती देतां येत नसली तरी तिच्यावर चालविलेला प्रोग्राम देतां येतो, आणि तिच्यासारखी कल्पित माहिती करून तीवर प्रयोग दाखवितां येतो. दुसरा असा कीं, मोठ्या कंपन्यांचीं यंत्रागारें सामान्य विद्यार्थ्यास कोठून मिळणार? हेंहि खरें आहे. मग लेखकानें स्पष्ट लिहावें कीं, माझ्या निबंधाचा हा भाग दुसऱ्यास तपासतां येईल व हा येणार नाहीं. वाचक तेवढाच विश्वास ठेवील, आणि तेंच योग्य. तिसरा आक्षेप असा कीं, लॅपटॉपांतील जाळें म्हणजे खरें जाळें नव्हे. बरोबर, फार मोठ्या व फार वेगवान जाळ्यांपुढें हीं साधनें थकतात. पण लहान प्रमाणावर जें मुळींच टिकत नाहीं, तें मोठ्या प्रमाणावर कां टिकतें, हें सांगण्याचा भार अशा वेळीं मूळ लेखकावर येतो. हाहि लाभ थोडा नव्हे.

जुन्या काळाकडे पाहिलें तर आजची सोय किती मोठी आहे तें ध्यानांत येतें. रॉबर्ट बॉइल यानें १६६० सालीं हवेवरील आपले प्रयोग छापले, तेव्हां ज्यांच्यापाशीं तसा हवेचा पंप नाहीं त्यांसहि सर्व समजावें म्हणून त्यानें बारीकसारीक तपशील दिला. पुढच्याच वर्षीं प्रयोग निष्फळ कां होतात ह्याविषयीं त्यानें दोन निबंध प्रसिद्ध केले. त्या काळीं तसा पंप करविणें फार थोड्यांच्या आटोक्यांतलें होतें. आज आमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलींतील साधारण यंत्रावरहि लहानसें जाळें उभें करतां येतें. साधन स्वस्त झालें असतां तपशील देण्याची वृत्ति मात्र महाग व्हावी, हें आम्हांस शोभत नाहीं.

म्हणून जे आमचे विद्यार्थी पुढें ह्या शास्त्राकडे वळतील त्यांस आम्ही चार गोष्टी सांगूं इच्छितों. मूळ माहिती जशी मिळाली तशी जतन करावी, तिच्यावर हात चालवूं नये. व्हर्न पॅक्सन यांनीं २००४ सालीं दिलेला सल्ला ध्यानांत ठेवावा: मूळ माहितीपासून शेवटच्या आंकड्यापर्यंतचें सर्व काम एकाच मुख्य प्रोग्रामानें पुन्हां चालवितां यावें, कारण सहा महिन्यांनंतर आपण स्वतःच आपल्या कामास परके होतों. प्रत्येक साधनाची आवृत्ति लिहावी. प्रयोग एकदां करून थांबूं नये, आणि जो फसला तोहि नोंदवावा. ह्या विषयाचा अधिक अभ्यास करणाऱ्यांसाठीं, जर्मनींतील डागस्टूल येथें २०१८ सालीं जमलेल्या संशोधकांच्या चर्चेंतून नवशिक्यांकरितां एक मार्गदर्शिका तयार होऊन २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली आहे. ती वाचावी.

आणि दुसऱ्यास सांगतांना स्वतःकडे पाहिलें पाहिजे. येत्या जूनपासून आमच्या शाळेंतील शास्त्राच्या जर्नलांत प्रत्येक प्रयोगाखालीं दोन नव्या ओळी राहतील: "कोठून कोठपर्यंत, कशानें मोजलें" ही एक, आणि "शेजाऱ्यानें ह्याच नोंदीवरून पुन्हां केलें तेव्हां काय आलें" ही दुसरी. गुण आंकड्यास मिळणार नाहींत. शेजाऱ्यास तो प्रयोग करतां आला कीं नाहीं, ह्यास मिळतील. ह्यानें तास लांबेल, हें आम्हांस ठाऊक आहे. दुसरी तुकडी दाराशीं थोडी थांबेल. एका विद्यार्थ्याचे दोन गुण आम्हांकडे बरेच दिवस येणें राहिले आहेत. ते त्यास आतां देऊन उपयोग नाहीं. पण त्यानें विचारलेल्या प्रश्नास यापुढें आमच्या प्रयोगशाळेंत "होय, करून पाहा" हेंच उत्तर मिळेल.